जिल्हा परिषद शिक्षक ते केंद्र शासनातील प्रतिनियुक्ती: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकाला शिक्षण प्रशासनात जाण्यासाठी साधारणपणे तीन टप्पे पार करावे लागतात आणि प्रत्येक टप्प्याचा अर्ज वेगळा असला, तरी तिन्ही ठिकाणी तपासले जाते ते एकच दस्तऐवज: सेवापुस्तक, म्हणजे नोकरीतील सर्व नोंदींची अधिकृत वही.

पहिला टप्पा केंद्रप्रमुखपदाचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या पदाचा. या पदाच्या निम्म्या जागा पदोन्नतीने, तर निम्म्या मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेद्वारे भरल्या जातात. ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. शिक्षण सेवक म्हणून सुरुवातीला मानधनावर काढलेली तीन वर्षे सेवेत कशी धरायची, याचा उल्लेख परीक्षेच्या अधिसूचनेत शोधून वाचावा, कारण अपात्रतेचे बरेचसे वाद तिथूनच सुरू होतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर पदोन्नतीची अपेक्षा असलेल्या शिक्षकाला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण असण्याची अट लागू झाली आहे आणि निवृत्तीला पाच वर्षांहून कमी अवधी उरलेल्यांनाही पदोन्नतीपुरती तिच्यातून सूट नाही.

दुसरा टप्पा महाराष्ट्र शिक्षण सेवेचा. उपशिक्षणाधिकारी, गट ब, हे पद महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेतून भरले जाते. पदवीधर असणे पुरते. वयाची कमाल मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, तर मागासवर्गीयांना ४३ वर्षे आहे. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे वर्ग सांभाळून तयारी करणाऱ्याने लिहिण्याच्या सरावाला आधीपासून वेळ द्यावा. अर्ज केल्याची माहिती कार्यालयाला लेखी देऊन पोच जपून ठेवावी. मुलाखतीच्या आठवड्यात ना-हरकत प्रमाणपत्रासाठी पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशा खेपा घालणे कोणालाच परवडत नाही.

आता सेवापुस्तकाविषयी. मूळ प्रत पंचायत समितीच्या शिक्षण विभागात असते. ती समोर ठेवून चार नोंदी पाहाव्यात: नियुक्ती आदेशाचा क्रमांक, जन्मतारीख, दरवर्षीची सेवा पडताळणी आणि नावातील बदल. माझ्या एका सहकारी बाईंच्या पदवी प्रमाणपत्रावर माहेरचे नाव होते, सेवापुस्तकात सासरचे, आणि दोहोंना जोडणारी राजपत्राची नोंद कुठेच नव्हती. कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर ते उघड झाले. आरक्षित प्रवर्गातून अर्ज करणाऱ्याने जात वैधता प्रमाणपत्रावरील नावाची स्पेलिंगही याच वेळी ताडून घ्यावी.

तिसरा टप्पा केंद्र शासनाच्या शिक्षण मंत्रालयातील किंवा त्याच्या अखत्यारीतील संस्थांमधील प्रतिनियुक्तीचा, म्हणजे मूळ नोकरी कायम ठेवून ठरावीक काळ तिथे काम करण्याचा. येथे समकक्ष पदाची किंवा विहित वेतनस्तरातील ठरावीक सेवेची अट असते, म्हणून थेट प्राथमिक शिक्षकापेक्षा अधिकारीपदी पोहोचलेल्यांनाच ही वाट बहुधा खुली होते. कमाल वय सर्वसाधारणपणे अर्जाच्या अंतिम तारखेस ५६ वर्षे. अर्ज योग्य मार्गानेच, म्हणजे आपल्या कार्यालयामार्फतच, जावा लागतो आणि त्यासोबत मागील पाच वर्षांचे गोपनीय अहवाल (वरिष्ठांनी कामाविषयी लिहिलेले वार्षिक अहवाल), दक्षता विभागाचा दाखला, सचोटी प्रमाणपत्र, दहा वर्षांतील शिक्षांचे विवरण आणि मूळ विभागाची संमती जोडावी लागते. गोपनीय अहवालाच्या छायाप्रतींच्या प्रत्येक पानावर अवर सचिव किंवा त्याहून वरिष्ठ दर्जाच्या अधिकाऱ्याची सही-शिक्का मागितला जातो. तो अधिकारी आपल्या बाबतीत कोण, हे आस्थापना शाखेकडून लेखी विचारून घ्यावे आणि मगच प्रती काढाव्यात.