विदेशी पक्षी पाळायचाय? परिवेश नोंदणी कोणाला लागते, कागद काय काय आणि पैसे देण्याआधी काय बघायचं

पक्षी पाळायला लायसन लागतं का, हा प्रश्न सगळेच विचारतात आणि दुकानात उत्तर ठरलेलं, नाही हो काही लागत नाही, घेऊन जा. काही पक्ष्यांसाठी खरंच काही लागत नाही, काहींसाठी परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे आणि काही तर पाळताच येत नाहीत, त्यामुळे आपला पक्षी या तिन्हीपैकी कशात बसतो ते पैसे देण्याआधी कळायलाच हवं. नंतर कागद जमवायला गेलात की विकणारा फोन उचलत नाही.

आधी पाळताच न येणाऱ्यांचं बोलूया कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. आपला हिरवा पोपट, गळ्यात गुलाबी पट्टा असलेला, तो पाळणं गुन्हा आहे. पहाडी पोपट, पहाडी मैना, लाल मुनिया हेही त्यातच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि भारतातल्या देशी पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर १९९०-९१ पासून बंदी आहे. तरी आजोबांच्या काळापासून घरात आहे, पिल्लू झाडाखाली पडलेलं मिळालं, आम्ही जीव लावून सांभाळतो, अशी कारणं लोक देतात. जीव लावता हे मी मान्य करतो पण कायद्यात त्याला सूट नाही, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि पहाडी मैनेसारखा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीतला पक्षी असेल तर शिक्षा त्याहून कडक. पिल्लू खरंच सापडलं असेल तर महाराष्ट्रात वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा आणि पक्षी त्यांच्या ताब्यात द्या.

इथेच एक फसवणूक चालते. निळा, पिवळा, पांढरा असा रिंगनेक विदेशी म्हणून विकतात. रंग वेगळा असला तरी प्रजात आपल्या हिरव्या पोपटाचीच, सिटाक्युला क्रामेरी. दुकानदार इम्पोर्टेड बोलला म्हणून ती बदलत नाही. माझ्या मते नवीन माणसाने या भानगडीत पडूच नये.

आता ज्यांना वन्यजीव नोंदणी लागत नाही ते. बजरीगर, कॉकटेल, झेब्रा फिंच, कॅनरी आणि पीच फेस लव्हबर्ड. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणारा सायटिस म्हणून करार आहे, पोपटवर्गातले जवळपास सगळे पक्षी त्याच्या यादीत आहेत, फक्त बजरीगर, कॉकटेल, पीच फेस लव्हबर्ड आणि आपला हिरवा पोपट एवढेच बाहेर ठेवलेत. हिरवा पोपट सायटिसच्या बाहेर असला तरी आपल्या कायद्यात संरक्षित आहे हे विसरू नका. आपल्याकडे बजरीगरलाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात आणि खरे लव्हबर्ड आफ्रिकन म्हणून विकतात, पण त्यातही पीच फेस यादीबाहेर आणि डोळ्याभोवती पांढरी रिंग असलेला फिशर यादीत, म्हणजे शेजारशेजारच्या दोन पिंजऱ्यांतल्या पक्ष्यांना नियम वेगळे. म्हणून बिलावर नुसतं लव्हबर्ड लिहिलेलं चालवून घेऊ नका.

बाकीचे, म्हणजे सन कोन्युअर, ग्रीन चीक, क्वेकर, फिशर, लोरी, काकाटुआ, मकाव, आफ्रिकन ग्रे, इतकंच काय जावा स्पॅरोसुद्धा, यांना नोंदणी लागते. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात नवीन चौथी अनुसूची आली, त्यात सायटिसची यादीच घेतलीय, आणि कलम ४९ एम सांगतं की या यादीतला जिवंत प्राणी किंवा पक्षी ज्याच्याकडे असेल त्याने सरकारला कळवून रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट घ्यायचं. प्रत्यक्ष कसं करायचं त्याचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला आले. ज्यांच्याकडे आधीपासून पक्षी होते त्यांना सहा महिने दिले होते, ते ऑगस्ट २०२४ मध्ये संपले. आता नवीन पक्षी घेतला तर ताब्यात आल्यापासून ३० दिवस. महिना मोठा वाटतो पण विकणारा बिल द्यायलाच दोन आठवडे टाळाटाळ करतो, मग धावपळ होते.

अर्ज ऑनलाइनच, केंद्राच्या परिवेश २.० पोर्टलवर, आणि तो जातो आपल्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, महाराष्ट्रात त्यांचं ऑफिस नागपूरला आहे. तिथे जायची गरज नाही, अकाउंट काढा, फॉर्म भरा, कागद अपलोड करा, फी भरा आणि सबमिटनंतरचा अर्ज क्रमांक सेव्ह करून ठेवा. वनखात्याचे लोक पाहणीला येऊ शकतात, आले तर घाबरू नका, पक्षी आणि कागद दाखवा. अर्ज घरातल्या सज्ञान माणसाच्या नावाने करा आणि बिलही त्याच नावाने घ्या, बिल मुलाच्या नावाने आणि अर्ज वडिलांच्या नावाने असला गोंधळ नको.

कागदांमध्ये ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा तर कुठेही लागतो, त्यावर जास्त बोलत नाही. पक्ष्याची माहिती मात्र नीट हवी, नेहमीचं नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही, वय, नर की मादी, ओळखीची खूण, स्पष्ट फोटो, आणि त्याला ठेवताय कुठे त्याची माहिती. कोन्युअर, मकाव, आफ्रिकन ग्रे यांच्यात नर-मादी बघून कळत नाही, पिसावरून डीएनए टेस्ट करतात, तो रिपोर्ट विकणाऱ्याकडूनच मागा. पायातली रिंग सगळ्यात महत्त्वाची. बंद रिंग म्हणजे जोड नसलेला छल्ला, तो पिल्लू अगदी लहान असताना, काही दिवसांचं असतानाच पायात घालता येतो, मोठ्या पक्ष्याच्या पंजातून तो जातच नाही, म्हणून पक्षी पिंजऱ्यातच जन्मला याचा तो चांगला पुरावा धरतात. उघडी रिंग कधीही दाबून बसवता येते, तिच्यावर तेवढा विश्वास नको. रिंगचा नंबर बिलावर आणि फॉर्ममध्ये तोच आहे ना, एकेक अक्षर जुळवून बघा.

आणि सगळ्यात जास्त वेळ द्या तो पक्षी आला कुठून याच्या कागदाला, कारण कायद्यात सर्टिफिकेट देण्याची अटच ही आहे की पक्षी बेकायदा मार्गाने मिळवलेला नसावा. विकणाऱ्याच्या नावावर नोंदणी आहे का, असेल तर तुमच्या नावावर ट्रान्सफर करायची जबाबदारी त्याची आहे, कलमातच लिहिलंय की जो ताबा देतो त्याने कळवायचं. भेट म्हणून दिला तरी हेच, त्यामुळे मित्राने वाढदिवसाला कोन्युअर दिला तरी कागद होतातच. आफ्रिकन ग्रेचं अजून पुढे, तो २०१७ पासून सायटिसच्या परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे, आणि परिशिष्ट एकमधले पक्षी ब्रीड करायला वेगळं लायसन लागतं, तर ब्रीडरला लायसनची कॉपी मागा. दुकानातून घेत असाल तर २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, सर्टिफिकेट लावलेलं आहे का बघा. बिनकागदाचा स्वस्तात देतो असं जो म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका, तो पक्षी कदाचित पेटीत कोंबून सीमेपलीकडून आणलेला असतो, सोबतचे किती वाटेत मेले ते कोणी सांगत नाही, आणि नंतर सर्टिफिकेट मागायला जाल तेव्हा हातात दाखवायला काहीच नसतं.

२०२० मध्ये केंद्राने स्वेच्छेने माहिती द्यायची योजना आणली होती, मुदतीत जाहीर करणाऱ्यांना कागद विचारले गेले नाहीत. ते जुनं सर्टिफिकेट असेल तर जपून ठेवा, पण त्यावरच थांबू नका, २०२४ च्या नियमाखालची नोंदणी वेगळी आहे. या २०२४ च्या नोंदणीची मुदत हुकली असेल तर लपवत बसण्यापेक्षा जवळच्या वनविभागाच्या ऑफिसात जाऊन लेखी विचारा आणि पोच घ्या.

सर्टिफिकेट मिळालं म्हणजे काम संपलं नाही. जोडीने अंडी घातली आणि पिल्लं निघाली तर तेही कळवायचं, पिल्लांचं वेगळं सर्टिफिकेट होतं. पक्षी मेला तरी कळवायचं, म्हणून लगेच पुरू नका, आधी डॉक्टरांना दाखवून मृत्यूचा कागद घ्या. पक्षी बघणारा डॉक्टर सगळीकडे मिळत नाही, कुत्र्या-मांजराचे खूप असतात, तर घेण्याआधीच कोण आहे ते शोधून ठेवा.

ज्यांना नोंदणी लागत नाही त्यांनाही प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० लागू आहेच, पिंजऱ्यात पक्ष्याला नीट हालचाल करता येईल एवढी जागा नसेल तर तोही गुन्हा. बजरीगर असो की मकाव, पंख पूर्ण पसरून फिरता आलं पाहिजे, हे मी कमीत कमी म्हणून सांगतोय. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नको, आणि ॲव्होकाडो चुकूनही देऊ नका.

शेवटचा मुद्दा वारसाचा, जो फॉर्म भरताना कोणाच्या डोक्यात येत नाही. बजरीगर साधारण पाच ते दहा वर्षं जगतो, कॉकटेल पंधरा-वीस, पण आफ्रिकन ग्रे आणि मोठे मकाव नीट सांभाळले तर चाळीस-पन्नास वर्षं जगतात, म्हणजे चाळिशीत घेतला तर तो तुमच्या मागेही राहणार. तेव्हा पुढे कोण सांभाळणार ते घरात आत्ताच बोलून घ्या, आणि बिल, डीएनए रिपोर्ट, रिंग नंबर, सर्टिफिकेट सगळं एका फाइलमध्ये ठेवून ती फाइल कुठे आहे ते त्या माणसाला दाखवा, कारण ताबा बदलला की नोंद त्याच्या नावावर करावी लागेल आणि ती याच कागदांवरून होईल.