हब बेअरिंग: फट शून्याच्याही खाली

चाक हलवून पाहताना खेळ लागला, की मेकॅनिक म्हणतो, बेअरिंग गेलं. नव्या हब बेअरिंगमध्ये (चाक ज्यावर फिरतं ते बेअरिंग) खेळ तर नसतोच, उलट छर्रे दोन रिंगांमध्ये काही मायक्रॉन दाबून बसवलेले असतात. हा प्रीलोड. कमी पडला तर वळणावर चाक डळमळतं, जास्त झाला तर बेअरिंग तापून लवकर संपतं.

हल्लीच्या तिसऱ्या पिढीच्या बेअरिंगमध्ये हब (चाक धरणारा मधला भाग) बेअरिंगचाच भाग असतो. त्याला चाक बोल्टने लागतं, म्हणून त्याचं फ्लँज, म्हणजे बोल्ट लागणारी चपटी कड, चिवट हवं. छर्ऱ्यांची वाट मात्र कडक हवी. दोन्ही एकाच तुकड्यात साधायचं, तर साधारण 0.55 टक्के कार्बनचं पोलाद तापवून फोर्ज करतात, म्हणजे दाबून घडवतात, आणि इंडक्शनने (विजेच्या कॉइलने झटपट तापवून) फक्त वाटेचा दोन-तीन मिलिमीटर थर कडक करतात. सगळाच हब कडक केला तर खड्ड्याच्या एका दणक्यात फ्लँज तडकेल. छर्रे आणि आतली सुटी रिंग मात्र 1 टक्का कार्बन, 1.5 टक्के क्रोमियमच्या पोलादाची, आरपार कडक.

ग्राइंडिंगनंतर वाटेची प्रत्येक खाच मोजतात आणि तिच्या मापाचे छर्रे निवडतात. केजमध्ये (छर्रे वेगवेगळे ठेवणारी जाळी) छर्ऱ्यांच्या दोन ओळी, मोजून ग्रीस (जास्त भरलं तर ते घुसळून तापतं), मग सुटी रिंग प्रेसने हबच्या टोकावर. खरी करामत पुढची: किंचित तिरकं फिरणारं हत्यार त्या टोकाची कड, न तापवता, रिंगेवर वळवून बसवतं. प्रीलोडसाठी नट लागतच नाही; तो तिथेच कायमचा ठरतो.

पहिल्या पिढीचं बेअरिंग हबपासून सुटं असतं; ते नकलमध्ये (गाडीच्या बाजूचा, बेअरिंग धरणारा भाग) प्रेस करावं लागतं, आणि बिघडतं ते बहुधा तिथेच. नकलमध्ये बसवताना जोर बाहेरच्या रिंगेवरच द्यायचा. हब आत घालताना आतल्या रिंगेला खालून आधार हवा. चुकलं तर सगळा जोर छर्ऱ्यांमधून जातो आणि वाटेवर खळगे पडतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण थोड्याच दिवसांत घूं-घूं सुरू होते. हातोडीनेही तेच होतं. अ‍ॅक्सल नट टॉर्क पान्याने आवळेपर्यंत गाडीचं वजन चाकावर टेकवू नये.

एबीएसवाल्या (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) गाडीत बऱ्याचदा एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी असते. ती बाजू चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडे हवी. दोन्ही बाजू दिसायला जवळपास सारख्या असतात. उलटं बसलं तर चाक व्यवस्थित फिरतं, पण डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा विझत नाही, आणि सगळं पुन्हा उघडताना ते नवं बेअरिंगही सहसा वाया जातं.