ड्युअल बूट

एकाच कम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम टाकून ठेवायच्या आणि मशीन चालू करताना कोणती उघडायची ते निवडायचं, याला ड्युअल बूट म्हणतात, दोनपेक्षा जास्त असल्या तर मल्टिबूट. सगळ्यात जास्त दिसणारी जोडी विंडोज आणि लिनक्सची. व्हर्च्युअल मशीनमध्ये एक सिस्टिम दुसरीच्या पोटात चालते आणि रॅम, प्रोसेसर वाटून घ्यावे लागतात, इथे तसं नाही, एका वेळी एकच चालते पण तिला ग्राफिक्स कार्डसकट अख्खं हार्डवेअर मिळतं, म्हणून दर वेळी रीस्टार्ट करायला लागलं तरी जड काम करणारे लोक हाच मार्ग धरतात.

हा प्रकार म्हणजे एका घरात दोन बिऱ्हाडं. खोल्या वेगळ्या असतात, म्हणजे प्रत्येकीचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) वेगळं, तिथे सहसा काही बिघडत नाही. खटके उडतात ते सामायिक गोष्टींवरून, आणि त्यातली पहिली म्हणजे दरवाजा, म्हणजे मशीन चालू झाल्यावर सिस्टिम जिथून सुरू होते ती जागा.

बायॉस म्हणजे मशीनला उठवणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, तो असलेल्या जुन्या मशीनमध्ये हा दरवाजा फारच लहान होता. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा, त्याला एमबीआर म्हणतात, त्यात बूट कोडला ४४६ बाइट, पार्टिशन टेबलला ६४ आणि शेवटचे २ बाइट खुणेचे. टेबलात जागा चारच प्रायमरी पार्टिशनला, आणि नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर डिस्कची मर्यादा २ टेराबाइट. बूट कोडची जागा एकच असल्यामुळे जी सिस्टिम शेवटी टाकली ती आधीचीचा कोड पुसून आपला लिहायची, विंडोज तर न विचारताच लिहायचं आणि लिनक्स गायब झाल्यासारखं वाटायचं, डेटा मात्र जागेवरच असायचा. 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा नियम तिथून आला, कारण लिनक्ससोबत येणारा ग्रब हा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, आधीची विंडोज शोधून मेनूत घेतो. (ग्रबच्या आधी लिलो वापरायचे.)

बायॉसच्या जागी यूईएफआय आल्यावर चित्र बरंच सुधारलं. आता डिस्कवर ईएसपी नावाचं फॅट३२ मधलं छोटं पार्टिशन असतं, त्यात प्रत्येक सिस्टिमचं बूटलोडर आपापल्या फोल्डरमध्ये राहतं आणि कोणाला आधी उठवायचं ती यादी मदरबोर्डच्या मेमरीत असते. जीपीटी या नव्या पार्टिशन टेबलमुळे पार्टिशनही नेहमीच्या मांडणीत १२८ पर्यंत करता येतात. तरी यादीतला पहिला नंबर विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर बदलू शकतो, तेव्हा घाबरून सगळं परत इन्स्टॉल करायची काही गरज नसते, मदरबोर्डच्या फर्मवेअर सेटिंगमध्ये (यूईएफआयच्या मेनूत) जाऊन क्रम बदलला की झालं. एक गोष्ट मात्र पाळायलाच हवी, दोन्ही सिस्टिम एकाच मोडमध्ये टाकायच्या, एक यूईएफआय आणि दुसरी लेगसी (जुन्या बायॉसच्या पद्धतीची) असं केलं तर ग्रबच्या मेनूतून विंडोज उघडत नाही.

ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद ठेवलेला असतो, त्यामुळे काही डिस्ट्रोत, म्हणजे लिनक्सच्या तयार प्रकारांत, मेनूत विंडोज दिसत नाही, तो सेटिंगमधून चालू करून मेनू परत तयार करायचा.

दुसरा खटका पार्टिशन वाचण्याचा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं, त्यात शटडाउन केल्यावर विंडोज खरं तर अर्धवट झोपलेलं असतं, कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, अवस्था डिस्कवर ठेवलेली असते, अशा वेळी लिनक्समधून विंडोजचं ते एनटीएफएस पद्धतीचं पार्टिशन उघडलं तर फक्त वाचता येतं किंवा उघडतच नाही, आणि जबरदस्तीने लिहिलं तर फाइली खराब होऊ शकतात. माझ्या मते ड्युअल बूट करणाऱ्याने हे फास्ट स्टार्टअप पहिल्याच दिवशी बंद करावं, वाचणाऱ्या चार सेकंदांपेक्षा डेटा महत्त्वाचा.

तिसरी सामायिक वस्तू घड्याळ. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ आहे असं धरतं आणि लिनक्स यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, म्हणून इकडून तिकडे गेलं की वेळ तेवढ्या फरकाने चुकते. दोघांपैकी एकाला समजवायचं, विंडोजला रजिस्ट्री या त्याच्या सेटिंगच्या साठ्यातून यूटीसी वापरायला सांगणं जास्त बरं.

सिक्युअर बूट चालू असेल तर फक्त सही असलेलं बूटलोडर चालतं, त्यासाठी बऱ्याच डिस्ट्रो मायक्रोसॉफ्टची सही असलेला शिम नावाचा छोटा बूटलोडर वापरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने जुने शिम नाकारले आणि अनेकांच्या ड्युअल बूट मशीनवर लिनक्स उठेना, सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लोकांनी मार्ग काढला. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं एन्क्रिप्शन, चालू असेल तर बूटमध्ये हात घालण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवाच, नाहीतर आपल्याच डेटाबाहेर उभं राहायची वेळ येते.

जागा करताना विंडोजचं पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करावं, बॅकअप घेतल्यावरच. दोन वेगळ्या डिस्क असतील तर सगळ्यात उत्तम, दरवाजेही वेगळे करता येतात.

मॅकवर २००६ मध्ये आलेल्या बूट कॅम्पने विंडोज टाकता यायचं, पण ते इंटेल मॅकपुरतंच, ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ते चालत नाही.

लिनक्स काढताना थेट पार्टिशन उडवू नये. ग्रब ईएसपीत राहतो पण त्याचा मेनू गेलेला असतो, मग चालू केल्यावर नुसता काळा ग्रब प्रॉम्प्ट समोर येतो. आधी फर्मवेअरमध्ये विंडोज पहिल्या नंबरवर आणायचं, ते नीट उघडतंय बघायचं, मग पार्टिशन काढायचं आणि शेवटी ईएसपीतलं लिनक्सचं फोल्डर.