चहात आलं घालायचं की सुंठ?

"आक्का, आलं संपलंय. सुंठ टाकली म्हणून काय झालं, एकच की!" असं म्हणत धाकट्या जावेनं पातेल्यात चमचाभर सुंठपूड ओतली. एका घोटात घसा चरचरला, कपाच्या तळाशी गाळ बसला आणि आल्याचा म्हणून जो वास यायचा, तो काही आला नाही. आम्ही कोरेगाव तालुक्यातले. बांधापलीकडं आल्याचे गादीवाफे असलेल्या घरात ही गल्लत होते, तर इतरांकडं होणारच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कंद एकच, हे खरंच. नावातच सगळं आहे: संस्कृतात ओल्याला आर्द्रक म्हणतात, त्यावरून आपलं आलं, आणि वाळलेली ती शुंठी. पण सुंठ म्हणजे आल्यातलं नुसतं पाणी उडालं असं नाही, वाळताना कंद आतून बदलतो.

आमच्याकडं आल्याचा दर गाडीवर बोलतात, एक गाडी म्हणजे ५०० किलो. कंदात चार-पंचमांशाच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळं अख्खी गाडी वाळवली तर हाती साधारण १०० किलो सुंठ येते. नुसत्या वजनाच्या हिशेबानंच सुंठ पाचपट दाट झाली. त्यात आणखी एक गोष्ट घडते. ओल्या आल्याचा तिखटपणा असतो जिंजेरॉल नावाच्या घटकाचा. वाळताना आणि उष्णतेनं त्याच्या रेणूतून पाणी निघून जातं आणि शोगाओल तयार होतं, ते जिंजेरॉलच्या दुपटीहून तिखट. (जपानीत आल्याला शोगा म्हणतात, त्यावरून हे नाव.) उलट ताज्या आल्याला जो लिंबासारखा टवटवीत वास असतो, तो सिट्रालचा. वाळवणीत तो बराचसा उडून जातो. म्हणजे सुंठेत तिखट वाढतं आणि ताजेपणा जातो. जावेच्या चहाचं नेमकं हेच झालं होतं.

माप लक्षात ठेवायचं तर असं: दोन कप चहाला अर्धा इंच आलं, किंवा दोन चिमटी सुंठ. चमचा नव्हे.

घालायची वेळही वेगळी. ओल्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. कच्चं आलं ठेचून कोमट दुधात टाकलं की दूध फाटतं ते त्यामुळंच, दर वेळी दूधवाल्याला बोल लावू नये. आधी पाण्यात आलं टाकून तीन-चार मिनिटं चांगलं खळखळू द्यावं, उकळीत त्या विकराचा जोर संपतो. मग चहापत्ती, साखर आणि शेवटी दूध. आलं किसण्यापेक्षा खलबत्त्यात ठेचलेलं मला आवडतं. साल जाड काढू नका, सुगंधी तेलाच्या पेशी सालीच्या लगेच खालीच असतात. सुंठेला एवढा सोपस्कार नाही. ती चहापत्तीबरोबर टाकली तरी चालते, फक्त गाळणं बारीक जाळीचं घ्यावं.

मग सुंठ हवी कशाला? चहाच्या मसाल्याला. वेलदोडे, दालचिनी, मिरी, दोन-चार लवंगा, चिमूटभर जायफळ यांच्यासोबत बरणीत महिनाभर टिकायला कोरडाच जिन्नस लागतो, ओल्या आल्यानं बुरशी धरेल. पूड विकत घेण्यापेक्षा अख्खी सुंठ आणून घरी कुटावी. फार पांढरीशुभ्र दिसली तर ती चुन्याच्या पाण्यातून काढलेली असते. मी मातकट रंगाचीच निवडते. सुंठेसाठी कंद पुरता पिकलेला लागतो, पाला पिवळा पडून वाळेपर्यंत जमिनीत राहिलेला. कोवळं आलं वाळवलं तर सुरकुतून हलकं होतं. आमच्या भागातलं आलं बहुतेक ओलंच बाजारात जातं.

आता गुणांचं. आयुर्वेदात सुंठेला विश्वभेषज, म्हणजे सगळ्यांवरचं औषध, म्हटलंय, आणि मिरी-पिंपळीसोबत ती त्रिकटूत, म्हणजे तीन तिखटांच्या चूर्णात, आहे. सुंठेवाचून खोकला गेला, ही म्हण उगाच नाही आली. पण मला जे ठामपणे सांगावंसं वाटतं ते मळमळीबद्दल: मळमळ कमी होण्यासाठी आल्याचा उपयोग अभ्यासांतून चांगला दिसून आलाय. सर्दीत गरम आल्याच्या चहानं घसा शेकतो, बरं वाटतं. त्यानं सर्दी मुळातून जाते असं मी म्हणणार नाही. लवंगेतलं युजेनॉल, मिरीतलं पिपरीन हे गुणी घटक खरे, पण कपभर चहात ते येतात नखभर. चवीसाठी घाला, औषध म्हणून विसंबू नका. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर रोज जास्त आलं-सुंठ घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. पित्ताचा त्रास असणाऱ्यानं तिखट सुंठ बेतानंच घ्यावी.

रोजच्या सकाळच्या चहाला माझं मत आल्यालाच. गुळाच्या चहाला मात्र मी सुंठ घेते. गुळानं दूध फाटण्याची धास्ती असतेच, त्यात ओल्या आल्याची भर नको. सुंठ घालून चहा उकळायचा, गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबून मग गूळ घालून ढवळायचा. परवा जावेनं असाच केला, दोन चिमटी मोजून.