क्रूझवर मित्रासोबत एकाच टेबलावर जेवायचंय, पण केबिन वेगवेगळ्या वर्गाच्या आहेत? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

गेल्या महिन्यात उदगीरहून दोन जोडपी माझ्याकडे आली. दोघेही गुरुजी, एकाच जिल्हा परिषद शाळेत सव्वीस वर्षं नोकरी केलेले, मधल्या सुट्टीत एकमेकांच्या डब्यातलं खाल्लेले. एकाच्या मुलानं आई-वडिलांना सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजावर सूट, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गाची ऐसपैस केबिन, काढून दिला होता. दुसऱ्यांनी निवृत्तीच्या पैशातून त्याच जहाजावर आतली, बिनखिडकीची केबिन घेतली होती. विमान, व्हिसा, पैसे यांबद्दल त्यांनी फारसं विचारलंच नाही. आतल्या केबिनवाल्या गुरुजींचा प्रश्न एकच होता, "जेवायला आम्हाला सोबत बसू देतील ना?"

हो, देतात. पण हे जहाजावर पाय ठेवल्यावर ठरत नाही, महिना-दोन महिने आधी बुकिंगच्या कागदावर ठरतं. मी लातुरात सहलींच्या बुकिंगचं काम करतो आणि अलीकडे हा प्रश्न वरचेवर येतो, म्हणून सगळी रीत एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

कोण कुठे जेवू शकतं

जहाजावर साधारण चार प्रकारच्या केबिन असतात : आतली, समुद्राकडे खिडकी असलेली, बाल्कनीची आणि सूट. यातल्या पहिल्या तिन्ही प्रकारांतले प्रवासी बहुतेक जहाजांवर एकाच मुख्य डायनिंग रूममध्ये जेवतात. मेनू तोच, वाढणारे तेच, आणि त्याचे पैसे तिकिटातच धरलेले. स्वस्त केबिन घेतली म्हणून ताटात काही कमी पडत नाही. वरच्या डेकवरचा बुफेही सगळ्यांना खुला असतो. तेव्हा तुमची आतली केबिन आणि मित्राची बाल्कनी असेल तर वर्गाची काहीच अडचण नाही, फक्त बुकिंग जोडून घ्यायचं काम उरतं.

अडचण येते ती सूट आणि काही खास वर्गांत. क्युनार्ड कंपनीच्या क्वीन मेरी २ सारख्या जहाजांवर तर तुमचं रेस्टॉरंट केबिनवरूनच ठरतं. वरच्या सूटवाल्यांना क्वीन्स ग्रिल, त्याखालच्यांना प्रिन्सेस ग्रिल, मग ब्रिटानिया क्लब आणि बाकी सगळ्यांना ब्रिटानिया रेस्टॉरंट. सेलिब्रिटी कंपनीच्या जहाजांवर सूटवाल्यांसाठी ल्युमिने आणि ॲक्वाक्लास नावाच्या खास वर्गाच्या केबिनवाल्यांसाठी ब्लू. रॉयल कॅरिबियनच्या मोठ्या जहाजांवर सूटसाठी कोस्टल किचन, एमएससीच्या यॉट क्लब या खास वर्गाचं स्वतःचं रेस्टॉरंट, नॉर्वेजियनच्या हेवन या वर्गाचंही तसंच. डिस्नीच्या जहाजांची पद्धत मात्र मला मनापासून आवडते. तिथं रात्रीच्या जेवणाची रेस्टॉरंट पाळीपाळीनं बदलतात आणि केबिन कुठलीही असो, सगळे त्याच फेरीत असतात.

नियमाचं सार असं की वरच्या वर्गातल्या प्रवाशाला खाली, मुख्य डायनिंग रूममध्ये येऊन जेवता येतं. खालच्या वर्गातल्याला वरच्या रेस्टॉरंटमध्ये साधारणपणे प्रवेश नसतो. त्या रेस्टॉरंटमधल्या खुर्च्या सूटच्या संख्येवर मोजून ठेवलेल्या असतात आणि त्याची किंमत सूटच्या भाड्यात धरलेली असते. आपल्याकडे पंगतीत बसलेल्याला कुणी "तुमची खोली कोणती" असं विचारत नाही, म्हणून हे पचायला जड जातं. पण नियम आधी माहीत असला तर वाईट वाटायचा प्रसंगच येत नाही.

तो प्रसंग कसा असतो, ते एका परभणीच्या गटाकडून ऐकलंय. मित्र सूटमध्ये, हे बाल्कनीत. कंपनीच्या फोनवर त्यांना कुणीतरी सांगितलेलं, "तिथं जाऊन जादा पैसे भरा, आत सोडतील." पहिल्या रात्री दोघं नवरा-बायको, बाईंच्या अंगावर ठेवणीतली पैठणी, सूटवाल्यांच्या रेस्टॉरंटच्या दारात गेले. दारातल्या मुलीनं त्यांचं कार्ड यंत्राला लावलं, पडद्याकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाली की आपलं रेस्टॉरंट तिसऱ्या डेकवर आहे. आत मित्रापुढे सूप आलेलं होतं. तो ते तसंच टाकून बाहेर आला आणि चौघं सव्वानऊला बुफेत जाऊन जेवले. एक ईमेल आधी गेला असता तर चौघं मुख्य डायनिंग रूममध्ये आरामात बसले असते.

अर्ज कसा आणि कधी करायचा

याला छापील फॉर्म नसतो. कंपनीच्या बुकिंग विभागाला, किंवा एजंटकडून तिकीट काढलं असेल तर एजंटमार्फतच, लेखी विनंती करायची. एजंटकडून घेतलेल्या बुकिंगवर कंपनी थेट प्रवाशाशी फारसं बोलत नाही, हे ध्यानात ठेवा. आणि दोन मित्रांनी दोन वेगळ्या एजंटांकडून तिकिटं काढली असतील तर दोघांनीही आपापल्या एजंटला सांगायला हवं. एका बाजूनं केलेली विनंती अर्धीच राहते.

विनंतीत तीन गोष्टी मागायच्या.

पहिली, दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडा. प्रत्येक बुकिंगला क्रमांक असतो, तो दुसऱ्याच्या बुकिंगवर नोंदवला जातो. यानं पैसे एकत्र होत नाहीत, कुणाचं बिल कुणाच्या नावावर चढत नाही. काही जण याच भीतीनं जोडायला नको म्हणतात, पण तसं काही नसतं.

दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे जेवणाची वेळ. बुकिंग जोडलं म्हणजे वेळ आपोआप जुळत नाही. पुष्कळ जहाजांवर दोन पद्धती असतात. एकीत ठरलेली पाळी, ठरलेलं टेबल आणि ठरलेला वाढपी. पहिली पाळी संध्याकाळी सहाच्या आसपास, दुसरी आठ-साडेआठला. दुसरी पद्धत सोयीच्या वेळेची, हवं तेव्हा जा, मिळेल त्या टेबलावर बसा. एकाचं बुकिंग ठरलेल्या पाळीचं आणि दुसऱ्याचं सोयीच्या वेळेचं असेल तर रोज एक टेबल मिळणं अवघड. दोघांचीही पद्धत एक हवी, पाळीही एक हवी. सोबत राहायचं असेल तर माझा सल्ला ठरलेल्या पाळीचाच. दुसऱ्या दिवसापासून वाढपी तुम्हाला नावानं हाक मारतो, कुणाला तिखट चालतं आणि कुणाला नाही हे त्याला पाठ होतं. मधुमेह असणाऱ्यांनी पहिली पाळी घ्यावी. ती लवकर भरते, म्हणून तिच्यासाठी बुकिंगची पहिली रक्कम भरताच सांगावं. भरलेली असली तर प्रतीक्षा यादीत नाव टाकायला सांगा.

तिसरी मागणी फक्त सूटवाल्यांची. आपण आपल्या खास रेस्टॉरंटऐवजी मुख्य डायनिंग रूममध्ये, अमुक बुकिंगच्या प्रवाशांसोबत जेवू इच्छितो, असं त्यांनीच लिहून द्यायचं. ही विनंती सूटवाल्याच्या बुकिंगवरूनच गेली पाहिजे. आतल्या केबिनवाल्यानं कितीही लिहिलं तरी तिचा उपयोग होत नाही.

मी पाठवतो तो मजकूर साधारण असा असतो. पाठवताना तो इंग्रजीत करून घ्यावा :

"आमचं बुकिंग क्रमांक अमुक, सूट. आमचे मित्र त्याच सफरीवर बुकिंग क्रमांक तमुक, आतली केबिन. दोन्ही बुकिंग जोडावीत. आम्ही चौघं सफरीच्या सर्व रात्री मुख्य डायनिंग रूममध्ये पहिल्या पाळीत, चार जणांच्या एकाच टेबलावर बसू इच्छितो. चौघंही शाकाहारी, अंडं नाही. कृपया हे दोन्ही बुकिंगवर नोंदवून लेखी कळवावं."

"लेखी कळवावं" हे शेवटचे दोन शब्द गाळू नका. फोनवरचं "हो, होऊन जाईल" जहाजावर दाखवता येत नाही. आलेल्या उत्तराची छापील प्रत सोबत ठेवा.

गट मोठा असेल तर वेगळा मार्ग आहे. आठ केबिनपासून पुढे अनेक कंपन्या गट-बुकिंग मानतात, आणि मग जेवणाची व्यवस्था पूर्ण गटाची एकदम लावता येते. टेबलं साधारण दहा जणांपर्यंतची असतात. त्यापेक्षा जास्त माणसं असतील तर "शेजारशेजारची टेबलं" असं मागावं.

अर्जासोबत काय लागतं

दोन्ही बुकिंगचे क्रमांक, सफरीची तारीख, जहाजाचं नाव, केबिनचे वर्ग आणि सगळ्यांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच. आपल्याकडे घोळ नेमका इथंच होतो. आधारवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. बायकोच्या एका कागदावर नवऱ्याचं नाव मधे, दुसऱ्यावर वडिलांचं. बुकिंगमधलं नाव पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळतं का ते पैसे भरण्याआधी बघा. चुकीच्या स्पेलिंगमुळे बुकिंग जोडताना तर अडतंच, चढतानाही अडतं.

खाण्याचं पथ्य असेल तर तेही आताच लिहून द्या. जैन जेवण, कांदा-लसूण वर्ज्य, शेंगदाण्याची ॲलर्जी, काहीही असो, चार-सहा आठवडे आधी कळवलेलं बरं. पहिल्या रात्री वाढप्यांच्या प्रमुखाला पुन्हा सांगा, तो आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा मेनू दाखवून पदार्थ ठरवून घेतो. दुसऱ्या रेस्टॉरंटमध्ये गेलात तर तिथं नव्यानं सांगावं लागतं. आणि घरून धपाटे, कारळाची चटणी घेऊन निघणाऱ्यांना एक सांगणं : घरी केलेले पदार्थ बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत, तपासणीत काढून ठेवतात.

प्रवासाची कागदपत्रं वेगळी. परदेशातून निघणाऱ्या जहाजासाठी पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध हवा. नवा काढायचा असेल तर मुंबईला जायची गरज नाही, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, बीड इथं टपाल कार्यालयातली पासपोर्ट सेवा केंद्रं आहेत. ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळसाठी वर २,००० रुपये. सिंगापूरला व्हिसा लागतो, आणि जहाज फिरून तिथंच परत येतं म्हणजे दुसऱ्यांदा प्रवेश करावा लागतो, तेव्हा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे का ते तपासा.

मुंबईहून गोवा, कोची किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या देशी सफरीला पासपोर्ट लागत नाही. आधार, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना मूळ प्रतीत पुरतो. लहान मुलांचं आधार किंवा जन्मदाखला घ्या. २०२१ पासून मुंबईहून सफरी करणाऱ्या कॉर्डेलियाच्या एम्प्रेस जहाजावर स्टारलाईट हे मुख्य रेस्टॉरंट आहे, जैन जेवणही मिळतं. आपल्या भागातून देवगिरी एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलं की जहाज सुटतं तो बॅलार्ड पिअरचा धक्का अगदी जवळ. तरी आदल्या दिवशीच मुंबईत पोचावं. गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

चढल्यावर पहिल्या दोन तासांत

केबिनच्या कार्डावर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये जेवणाची पाळी आणि टेबल क्रमांक येतो. मित्राच्या कार्डाशी लगेच ताडून बघा. जुळत नसेल तर सामान ठेवायला केबिनकडे न जाता थेट मुख्य डायनिंग रूम गाठा. चढण्याच्या दिवशी दुपारी मेत्र-डी, म्हणजे त्या डायनिंग रूमचा प्रमुख, टेबलं बदलून द्यायलाच तिथं बसलेला असतो. छापील ईमेल दाखवा. पहिल्या रात्रीनंतर बदल अवघड होतात, कारण लोक आपापल्या टेबलावर स्थिरावतात.

तरीही नाही जमलं, तर पैसे भरून जेवायची स्पेशालिटी रेस्टॉरंट असतात. तिथं वर्ग पाहत नाहीत. एकाच्या नावानं आरक्षण करून चौघांचे केबिन क्रमांक द्यायचे, शुल्क ज्याच्या त्याच्या कार्डावर पडतं. सकाळ-दुपार बुफेत सोबत जेवायला कुणाची परवानगी लागत नाही. सूटवाल्यानं आपल्या दिमतीच्या सेवकाला, म्हणजे बटलरला, विचारून खोलीतच चौघांचा नाश्ता मागवता येतो का तेही बघावं, पण आधी विचारूनच.

आणखी एक सावधगिरी. निघायच्या आधी कंपनी "थोडे पैसे भरा, वरची केबिन घ्या" अशी बोली मागवते. बोली लागली की केबिनचा वर्ग बदलतो, कधी रेस्टॉरंटही बदलतं आणि आधी लावलेलं टेबल सुटू शकतं. बोली मंजूर झाल्याचा ईमेल आला की त्याच दिवशी जोडणी आणि पाळी पुन्हा तपासून घ्या.

कपड्यांचं थोडक्यात : मुख्य डायनिंग रूममध्ये रात्री हाफ पँट चालत नाही. औपचारिक पोशाखाच्या रात्री आपली पैठणी, नेहरू शर्ट आणि जॅकेट अगदी शोभतं. त्यासाठी टाय विकत घ्यायची गरज नाही.

उदगीरच्या गुरुजींचं उत्तर गेल्या मंगळवारी आलं. पहिली पाळी, चार जणांचं टेबल, दोन्ही बुकिंगवर नोंद. सूटवाल्या गुरुजींना मी फोनवर विचारलं, तुमचं ते खास रेस्टॉरंट एकदाही बघणार नाही का? ते म्हणाले, "सकाळचा चहा घेईन की तिथं एखाद्या दिवशी. रात्री मात्र ह्याच्यासोबतच." दोघांच्या ईमेलची प्रत मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पासपोर्टसोबत दिलीय.