जे-समुच्चय
जे-समुच्चय : काही सेंद्रिय रंजकांचे रेणू द्रावणात किंवा पृष्ठभागावर आपोआप एकमेकांना बिलगून, ठरावीक कोनात रांगेने बसले असता तयार होणारी रचना. सुट्या रेणूंपेक्षा ती अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश शोषते आणि तिचा शोषणपट्टा (ती शोषते त्या तरंगलांबींचा पट्टा) कितीतरी अरुंद व तीव्र असतो. १९३६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये कोडॅकच्या प्रयोगशाळेतील एडविन जेली आणि जर्मनीतील गुंटर शाइब यांनी ती स्वतंत्रपणे ओळखली. ‘जे’ हे अक्षर जेली यांच्या आडनावातले.

स्यूडोआयसोसायनिन या रंजकाच्या पाण्यातील विरळ, तांबूस द्रावणाच्या वर्णपटात सुमारे ५२५ नॅनोमीटरपाशी एक पसरट उंचवटा दिसतो. संहती (द्रावणातील रंजकाचे प्रमाण) वाढवली किंवा मीठ घातले की ५७३ नॅनोमीटरच्या आसपास सुईसारखे शिखर उभे राहते. द्रावण तापवले की ते मावळते आणि निवले की परत येते. पुण्यातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांत असतो तसा साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला हे मोजणारे उपकरण) हे पाहायला पुरतो, मात्र द्रावण गडद असल्याने क्युव्हेट, म्हणजे द्रावण ठेवण्याची पारदर्शक कुपी, अगदी पातळ लागते. या सगळ्यात रेणूतील एकही रासायनिक बंध तुटत नाही. बदलते ती केवळ मांडणी, आणि या पदार्थांचे खरे महत्त्व त्यातच आहे.

जुन्या वाड्यांच्या छपरावर कौले जशी एकमेकांवर सरकवून बसवतात, तसे चपटे रेणू सरकून बसले तर जे-समुच्चय होतो. ताटांच्या चळतीसारखे समोरासमोर बसले तर एच-समुच्चय होतो, जो आखूड तरंगलांबी शोषतो आणि बहुधा क्षीण प्रतिदीप्ती (शोषलेल्या ऊर्जेतून पुन्हा बाहेर पडणारा प्रकाश) देतो. रेणूचा संक्रमण-द्विध्रुव (प्रकाश शोषताना रेणूतील विद्युतभार ज्या दिशेने हेलकावतो ती दिशा दाखवणारी राशी) आणि रांगेची दिशा यांतील कोन ५४.७ अंशांहून कमी असेल तर पहिला प्रकार, अधिक असेल तर दुसरा, असे मायकेल काशा यांच्या १९६० च्या दशकातील सिद्धांतावरून निघते. प्रकाशाने मिळालेली ऊर्जा एकाच रेणूपाशी न थांबता अनेक रेणूंत विभागली जाते. या सामुदायिक उत्तेजनास एक्सायटॉन म्हणतात. ढोल पथकातील सर्वांचा ठोका एकाच क्षणी पडावा तसे जे-समुच्चयातील द्विध्रुव एका तालात कंप पावतात, म्हणून त्यांचे प्रकाश-उत्सर्जनही अतिशय जलद असते.

छायाचित्रणाला याचा मोठा उपयोग झाला. फिल्मवरील सिल्व्हर हॅलाइड या चांदीच्या प्रकाशसंवेदी क्षारांचे स्फटिक स्वभावतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देतात. त्यांवर चिकटवलेली सायनिन रंजके हिरवा व तांबडा प्रकाश टिपतात, आणि रंगीत फिल्ममध्ये हे काम अनेकदा जे-समुच्चयांनी केले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) जतन केलेल्या रंगीत चित्रपटांमागे रंजकांनी प्रकाशसंवेदी केलेली फिल्मच आहे. निसर्गात हरित गंधक-जीवाणूंच्या क्लोरोसोममध्ये (प्रकाश गोळा करणाऱ्या पेशीतील पिशवीवजा भागात) बॅक्टेरिओक्लोरोफिल या हरितद्रव्याचे रेणू प्रथिनांच्या सांगाड्याविना अशाच रचनेत जुळतात. त्यामुळे अत्यंत मंद प्रकाशातही हे जीव तग धरतात.

अलीकडचे संशोधन प्रकाश वळवण्या-कोंडण्याकडे झुकले आहे. दाट जे-समुच्चयाचा पातळ थर, मुक्त इलेक्ट्रॉन नसतानाही, शोषणपट्ट्यालगतच्या अरुंद पट्ट्यात धातूसारखा चकाकतो आणि पृष्ठभागावर प्रकाशलहरी बांधून ठेवतो. दोन आरशांमध्ये असा थर ठेवल्यास प्रकाश व एक्सायटॉन यांच्या मिश्रणाने पोलॅरिटॉन तयार होतात, तेही सामान्य तापमानाला. पुण्यातील पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (स्थापना १९५०) व शेजारची आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था (२००६), या संस्थांत रेणूंच्या स्वयंजुळणीचे रसायनशास्त्र अभ्यासले जाते.

मुख्य अडचण टिकाऊपणाची आहे : तीव्र प्रकाश आणि ऑक्सिजन यांमुळे रंजक विटते, म्हणून थर हवाबंद ठेवावा लागतो.