गोळ्यांची पिशवी

दत्तवाडीतल्या आमच्या आत्याच्या गोळ्या कॅरीबॅगेत असतात. गेल्या उन्हाळ्यात वस्तीत फिरणारी आरोग्यताई आली, तिने ती पिशवी ताटात उपडी केली आणि एकेक पाकीट उचलून विचारायला लागली, "आत्या, ही कुणी दिली? कधी घेता?"

बीपीच्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध असलेली जोडगोळी दिली होती. गुडघ्याच्या डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक. दोघांचंही आपापल्या जागी बरोबरच होतं. घोळ झाला तो मूत्रपिंडात. तिथल्या गाळणीला दाब लागतो. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं गाळणीत रक्त आणणारी नळी आक्रसवतात, टेल्मिसार्टन बाहेर नेणारी नळी सैल करतं आणि तिसरं औषध शरीरातलं पाणीच कमी करतं. आत येणारं कमी, बाहेर जाणारं मोकळं, मग दाब कुठून राहणार? त्यात उन्हाळा, आणि सारखं उठावं लागतं म्हणून आत्या पाणी बेतानेच पिणार.

ताईने एकही गोळी स्वतःहून बंद केली नाही, तो तिचा अधिकार नाही. तिने सगळी नावं एका कागदावर उतरवली आणि बीपीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी डायक्लोफिनॅक थांबवून क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंड नीट चाललंय का ते सांगणारी रक्ताची तपासणी सांगितली.

हे काम करणाऱ्याला केअर कोऑर्डिनेटर म्हणतात, सरकारी मराठीत समन्वयक. (आत्याच्या भाषेत 'ती कागदवाली'.) साधा हिशोब बघा. आत्या, तिचा मुलगा, तीन डॉक्टर आणि केमिस्ट अशी सहा माणसं. प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलायचं तर 15 जोड्या होतात. प्रत्यक्षात बोलतं कोण? सगळा निरोप्याचा भार आत्याच्या स्मरणशक्तीवर. मधे एक जाणकार माणूस बसला की सहा धाग्यांत काम भागतं.

आपल्याकडे हे काम बरंचसं आशाताईच करते. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आल्या, पुढे शहरी वस्त्यांतही. तिशीच्या पुढच्यांचे फॉर्म भरून मधुमेह, रक्तदाबाचा धोका हेरणं त्यांच्याकडेच आहे. पण त्यांना मोबदला बऱ्याच अंशी कामागणिक मिळतो. लसीकरण मोजता येतं. डॉक्टर फोन उचलेपर्यंत घालवलेला अर्धा तास कुठल्या रकान्यात लिहायचा?

आता दुसरी बाजू. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅमडेन शहरात वारंवार दवाखान्यात भरती होणाऱ्यांसाठी समन्वयकांचा असाच कार्यक्रम गाजला होता. मग 800 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी करून तो तपासला. 2020 मध्ये निकाल आला: 180 दिवसांत पुन्हा भरती होणारे कार्यक्रमातले 62.3 टक्के, बाहेरचे 61.7. म्हणजे फरक नाहीच. भरतीचं प्रमाण घटलं होतं, पण दोन्ही गटांत. माणूस फार आजारी असताना त्याला निवडलं, की पुढे आकडा आपसूक थोडा खाली येतोच, आणि श्रेय मधल्या उपायाला मिळतं.

म्हणून समन्वयक बिनकामाचे, असं मी म्हणणार नाही. तिथे मोजल्या होत्या भरत्या, ताटातल्या गोळ्या नव्हेत. शिवाय धागा जोडायचा तर पलीकडच्या टोकाला काहीतरी हवं. कागद कितीही नीटनेटका असला, तरी आत्याला गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनंतरचीच मिळाली.